चाललेलं दोनदा मोजू नका

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी इंदूरला सुदामा नगरात राहते. वय ४६, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ७८ किलो. एका शाळेच्या कार्यालयात हिशेबाचं काम करते, म्हणजे साडेदहा ते पाच खुर्चीवरच. घरचा स्वयंपाक नि आवराआवर माझ्याकडे, केर-फरशीला बाई येते. थायरॉईडची गोळी चालू आहे, मागच्या महिन्यातली तपासणी ठीक आली. मुलाने मोबाईलमध्ये कॅलरी मोजणारं ॲप घालून दिलं आणि हातात ते पावलं मोजणारं घड्याळ. आठवड्यातले पाच दिवस पहाटे रीजनल पार्कला पाऊण तास चालते. ॲपमध्ये मी ‘मध्यम हालचाल’ निवडलं, तर ते म्हणतं, रोज १,६३४ कॅलरी खा. पण चालून आलं की घड्याळ ३८० कॅलरी जळाल्याचं दाखवतं आणि ॲप त्या दिवशी तेवढ्या वाढवून देतं, म्हणजे २,०१४. मी त्या हिशेबानेच खाते. एखाद्या दिवशी जास्त झालं की रात्री जेवत नाही, असं आठवड्यातून दोनदा तरी होतं. तीन महिन्यांत वजन उतरलं फक्त सातशे ग्रॅम. भाची म्हणते, सरळ बाराशेवर ये. सासूबाई म्हणतात, चालायला जातेस तर नीट खा, घेरी येऊन पडशील. चालल्याच्या कॅलरी खायच्या की नाही? मी रोज नक्की किती खायचं? आणि आणखी एक, आमच्या चौघांच्या घरात तेलाचा पाच लिटरचा डबा महिनाभर पुरतो. हे जास्त आहे का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग वही घेऊन बसले. इतके नेमके आकडे पाठवलेत की उत्तरही आकड्यांतच द्यायला हवं. आधी मन हलकं करा. तीन महिने पहाटे उठून चाललात, त्यात तुमची कसूर कुठेच नाही. चूक हिशेबाची आहे, आणि ती तुम्हाला यंत्राने करायला लावली.

आपलं शरीर काही न करता, नुसतं पडून राहिलं तरी खर्च करतं. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं यांचं काम रात्रीही चालूच असतं. हा खर्च काढायला १९९० साली प्रसिद्ध झालेलं मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं सूत्र मी वापरते. किलोतलं वजन गुणिले १०, त्यात सेंटीमीटरमधली उंची गुणिले ६.२५ मिळवा, त्यातून वय गुणिले ५ वजा करा, आणि बाईमाणूस असेल तर आणखी १६१ वजा. (पुरुषांसाठी १६१ वजा करायचे नाहीत, उलट ५ मिळवायचे.) तुमच्यासाठी ७८० अधिक ९८७, वजा २३०, वजा १६१. आले साधारण १,३७६. हा तुमचा पडून राहिल्याचा खर्च.

आता त्याला हालचालीच्या आकड्याने गुणायचं. दिवसभर बसून असणाऱ्याला १.२, थोडी हालचाल नि हलका व्यायाम असेल तर १.३७५, मध्यम म्हटलं तर १.५५. तुम्ही ‘मध्यम’ निवडलंत. सगळेच तेच निवडतात, कारण दिवसअखेरीस आपण दमलेलो असतो आणि दमलो म्हणजे हालचाल झाली असं वाटतं. पण साडेसहा तास खुर्ची, येणं-जाणं, दोन वेळचा स्वयंपाक आणि पाऊण तासाचं चालणं, हे सगळं मिळून १.३७५ होतं. १,३७६ गुणिले १.३७५ म्हणजे १,८९२. सोयीसाठी १,९०० धरू. यात तुमचं चालणं येऊन गेलं. ते पुन्हा मिळवायचं नाही.

ॲपने काय केलं ते पाहा. १.५५ ने गुणून २,१३४ काढले. त्या गुणाकारात व्यायाम आधीच धरलेला होता. त्यातून ५०० वजा करून १,६३४ सांगितले. मग घड्याळाने तोच व्यायाम दुसऱ्यांदा आणून ३८० वाढवले. पाच दिवस २,०१४ आणि दोन दिवस १,६३४ यांची आठवड्याची सरासरी काढली तर येते १,९०५. तुमचा खर्च १,९००, तुमचं खाणं १,९०५. ताई, वजन उतरणार कुठून? जे सातशे ग्रॅम उतरलं ते रात्रीच्या उपासांनी, किंवा शरीरातलं पाणी इकडचं तिकडे झालं म्हणून.

आता त्या ३८०चं काय? चालणं खरंच किती खर्च करतं हे तोंडी काढता येतं. स्वस्थ बसलेलं असताना शरीर दर किलोमागे तासाला साधारण १ कॅलरी खर्चतं. सपाटीवर तासाला साडेचार-पाच किलोमीटरच्या चालीने चाललं तर साधारण साडेतीन. तुमचे ७८ किलो आणि पाऊण तास : साडेतीन गुणिले ७८ गुणिले ०.७५ म्हणजे २०५. पण त्या पाऊण तासात घरी बसला असतात तरी ५८ खर्च झालेच असते. ते वजा केले की चालण्यामुळे वाढलेला निव्वळ खर्च १४५च्या आसपास उरतो. ३८० नव्हे.

घड्याळ खोटं बोलतं असं मी म्हणत नाही. नाडीचे ठोके ही घड्याळं बऱ्यापैकी नीट मोजतात. पण ठोक्यांवरून कॅलरी काढायला गेली की चुकतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली मनगटावरची सात यंत्रं साठ माणसांवर तपासली. कॅलरींच्या बाबतीत त्यातलं सगळ्यात अचूक यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. म्हणून घड्याळातली पावलं बघा, वेळ बघा, ठोके बघा. कॅलरीचा आकडा मात्र स्वयंपाकघरात आणू नका.

१४५ म्हणजे किती, हे तुम्ही इंदूरच्या आहात म्हणून पटकन समजेल. शंभर ग्रॅम सेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. मी घरच्या काट्यावर माझी मूठ तोलून पाहिली, पंचवीस ग्रॅम सेव भरली. म्हणजे १३५-१४०. पाऊण तासाची पायपीट आणि पोह्यांवर वरून टाकलेली ती एक मूठ, दोन्ही बरोबरीचे. आपल्याकडे पहाटे फिरून परतणारी मंडळी कोपऱ्यावर पोहे-जिलबीला थांबतात, ती गप्पांची नि आपलेपणाची जागा असते, ती सोडा असं मी कुणालाच सांगणार नाही. तिथले पोहे भांड्यावर वाफेत ठेवलेले असतात, त्यात तेल फार नसतंही. भर घालते ती सेव, नुक्ती म्हणजे बुंदी, आणि शेजारची जिलबी. दोन जिलब्यांचे दोनशेच्या घरात जातात. तुमच्या मैत्रिणी थांबत असतील तर तुम्हीही थांबा. आठवड्यातून एक दिवस ठरवा, जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) भरपूर घाला, कांदा-लिंबू मागून घ्या, सेव चिमूटभर.

मग चालायचं कशाला, असं मनात आलं असेल. चालायचंच, आणि त्याला वजनाच्या आकड्याशी बांधून ठेवू नका. रक्तदाब, रक्तातली साखर, झोप, गुडघे, मन यांच्यावर चालण्याचा जो परिणाम होतो तो काट्यावर दिसत नाही. शिवाय उतरलेलं वजन पुन्हा चढू न देण्यात चालणाऱ्यांची सरशी असते, हे मी माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं पाहत आलेय. उतरवण्याचं मोठं काम ताट करतं.

आता किती खायचं. १,९०० मधून ४०० कमी करा. रोज १,५००, चाललात तरी आणि नाही चाललात तरी. आठवड्याला २,८०० कॅलरींची तूट पडेल. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, त्यावरून आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. कागदावर बारा आठवड्यांत चार किलोंहून थोडं जास्त भरतं. प्रत्यक्षात थोडं कमीच उतरेल, कारण वजन घटलं की शरीराचा खर्चही घटतो. दर चार किलोंनी सूत्र पुन्हा मांडा.

भाचीचे बाराशे मला मान्य नाहीत, आणि हे मी ठामपणे का म्हणते ते सांगायला हवं. तीस वर्षांपूर्वी आहाराचा सल्ला देण्याच्या कामात मी नवीन होते तेव्हा माझ्याकडे १,२०० कॅलरींचा छापील कागद असायचा. जी बाई वजन कमी करायला येई तिच्या हातात तोच. एक पोळ्या लाटणाऱ्या मावशी आल्या होत्या. सकाळी सहापासून पाच घरांचा स्वयंपाक उभ्याने, घरून घरी पायी. त्यांचा दिवसाचा खर्च २,२००च्या खाली नसणार, आणि मी त्यांना एकही प्रश्न न विचारता तो कागद दिला. त्यांनी तो देवाच्या शब्दासारखा पाळला. सहा आठवड्यांनी एका घरात गॅससमोर भोवळ येऊन पडल्या, हात भाजला. नंतर केसही मूठमूठ गळले. वजन सात किलो उतरलं होतं, पण त्यात त्यांचे स्नायू किती गेले असतील कोण जाणे. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या दिवसापासून मी छापील कागद ठेवत नाही, माणसाला त्याचा दिवस विचारते. तुमच्या सासूबाई म्हणतात ते म्हणूनच मला अगदी खोटं वाटत नाही. त्यांना सांगा, चक्कर येईल इतकं कमी मी खाणार नाही.

आणि रात्रीचं जेवण सोडणं आजपासून बंद. आदल्या चुकीची शिक्षा म्हणून उपाशी झोपलं की दुसऱ्या दिवशी चार वाजता नमकीनचा डबा उघडलाच जातो. जास्त झालं तर झालं, पुढचं जेवण नेहमीसारखं.

तेलाचं तुम्ही जाता जाता विचारलंत, पण पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पाच लिटर म्हणजे ४,५५० ग्रॅम, चार माणसं, तीस दिवस : माणशी रोज ३८ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलाच्या ३४०. तूप, दाण्याचं कूट, खोबरं वेगळंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या पूर्ण दिवसासाठी जे ताट सुचवलंय, त्यात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. तुम्हाला तर १,५०० मध्ये बसवायचंय. ॲपमध्ये ‘एक वाटी भेंडीची भाजी’ लिहिलं की ते कुणाच्या तरी कढईतलं तेल धरतं, तुमच्या कढईतलं नव्हे.

उपाय भांड्यात आहे. डब्यातून तेल थेट कढईत ओतणं थांबवा. महिन्याच्या पहिल्या तारखेला साडेतीन लिटर तेल वेगळं काढून ठेवा आणि सगळ्या घराचा महिना त्यात बसवा. (माणशी सव्वीस-सत्तावीस ग्रॅम येतं.) तुमच्या एकटीची भाजी वेगळी करायची गरज नाही, तसली पद्धत दोन आठवड्यांहून जास्त टिकतही नाही. चौघांनाही हे तेल पुरेल. तुमच्या वाट्याला दिवसाचे चार छोटे चमचे धरा, वीस ग्रॅम. छोटा चमचा म्हणजे पाच ग्रॅमचा. पोहे खायचा चमचा त्याच्या दीडपट-दुप्पट असतो, तो वापरू नका.

१,५०० चा दिवस कसा दिसतो ते माझ्या पद्धतीने सांगते, तुम्ही तो तुमच्या घरासारखा करून घ्या. सकाळी-दुपारी मिळून दोन चहा, प्रत्येकात पाऊण वाटीहून कमी दूध आणि एकच चमचा साखर : १३०. नाश्त्याला चाळीस ग्रॅम कोरडे पोहे, चमचाभर तेल, थोडे दाणे, मटार, वर चमचाभर सेव, आणि सोबत वाटीभर दही : साडेतीनशेच्या आसपास. ते दही महत्त्वाचं, नुसत्या पोह्यांनी अकरा वाजता पोटात खड्डा पडतो. दुपारी डब्यात दोन मध्यम पोळ्या, घट्ट वरण, भरपूर भाजी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर : ४६०. पाच वाजता शाळेतून निघायच्या आधी एक पेरू आणि मूठभर भाजलेले चणे : १६०. घरी पोचेपर्यंत भूक टिकू देऊ नका, नाहीतर कणीक मळता मळता तोंड चालतं. रात्री एक पोळी, ताक आणि सोयाबीनच्या वड्यांची रस्सा भाजी : साडेतीनशे. बेरीज १,४५० होते. वरचे पन्नास चव बघण्याचे, प्रसादाचे, कुणीतरी हातावर ठेवलेल्या पेढ्याच्या तुकड्याचे.

सोयाबीनच्या वड्यांचा मी आग्रह धरते. आपण सोयाबीन पिकवणाऱ्या माळव्यात राहतो, देशाची सोयाबीन संशोधन संस्था आपल्याच गावात आहे, आणि आपल्या मराठी घरांत ती वडी अजून परकीच. तीस ग्रॅम कोरड्या वड्यांत पंधरा ग्रॅम प्रथिनं असतात. तितकी प्रथिनं वरणातून मिळवायची तर दोन वाट्यांहून जास्त घट्ट वरण लागेल. वजन उतरताना स्नायू टिकवायचे असतील तर तुम्हाला दिवसाला साठ-पासष्ट ग्रॅम प्रथिनं हवीत. वरच्या दिवसात ती साठच्या जवळ जातात. ज्या दिवशी वड्या नसतील त्या दिवशी पनीर, चालत असतील तर दोन अंडी. फक्त एक सांभाळा. सोया, दूध, कॅल्शियम नि लोहाच्या गोळ्या थायरॉईडच्या औषधाचं शोषण कमी करतात. गोळी पहाटे निव्वळ पाण्याबरोबर घ्या आणि चालायला जा, परत आल्यावर चहा. कॅल्शियम-लोह चार तासांनी. म्हणूनच वड्यांची भाजी मी रात्री ठेवली. तपासणी ठीक आहे म्हणजे वजन न उतरण्याचा दोष थायरॉईडवर टाकायला जागा उरत नाही, हेही मनात पक्कं करा.

रविवारचे दाल-बाफले तुम्ही लिहिले नाहीत, पण असणार. उकडून भाजलेल्या एका बाफल्यात साठेक ग्रॅम कणीक, म्हणजे दोनशे कॅलरी. तुपात बुडवून काढला की तो आणखी शंभर-सव्वाशे पिऊन येतो. बाफला फोडून वर एक चमचा तूप घाला, पण त्याला तुपात पोहू देऊ नका. दोन बाफले, वाटीभर डाळ, हिरवी चटणी, आणि लाडू अर्धा. त्या दिवशी रात्री भाजीचं सूप नि ताक एवढंच पुरतं. हिवाळ्यात सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातले गराडू (एक कंद) मात्र तळणच आहे, तिथे दोघांत एक प्लेट.

शेवटी हे. सूत्राचा आकडा म्हणजे सुरुवातीचा अंदाज. तुमचा खरा आकडा तुमचं शरीरच सांगेल. पहाटे शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी वजन करा, रोज, आणि कॅलेंडरवर लिहा. एका दिवसाच्या आकड्याकडे पाहून हसू नका नि रडू नका. आदल्या रात्री लोणचं-पापड झाला, पाळी जवळ आली, नवीन व्यायामाने पाय दुखत असले, की शरीर पाणी धरून ठेवतं आणि काटा किलोभर वर जातो. सात दिवसांची सरासरी काढा आणि ती पुढच्या सातांशी ताडून पाहा. चार आठवड्यांत सरासरी किलोभर उतरली तर १,५०० बरोबर. अर्ध्या किलोहून कमी उतरली तर आधी तेलाचा चमचा आणि सेवेचा डबा तपासा, मगच शंभर कमी करा. दोन किलोंहून जास्त उतरली तर शंभर-दीडशे वाढवा. १,३००च्या खाली मला विचारल्याशिवाय जाऊ नका. हे आकडे मला महिन्याने पाठवा. मी वाट पाहीन.

प्रश्न : वय ६८, लोकमान्य नगर. उंची १६५, वजन ७१. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू. नातवाबरोबर रोज तासभर सायकल सुरू केली आहे. लवकर पाच किलो उतरवायचे म्हणून खाणं १,००० कॅलरींवर आणायचं ठरवलं आहे. चालेल ना?

उत्तर : काका, नाही चालणार. आणि हे उत्तर छापून येईपर्यंत मला थांबवत नाही, म्हणून तुम्हाला पत्रही वेगळं टाकलंय.

ग्लिमेपिराइड तुमच्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती पाहत नाही. खाणं एकदम निम्म्यावर आणलं, वर सायकल सुरू केली आणि गोळी तीच राहिली, तर रक्तातली साखर धोक्याइतकी उतरू शकते. हात थरथरणं, थंड घाम, छातीत धडधड, बोलणं अडखळणं. हे रस्त्यावर सायकलवर झालं तर? म्हणून आधी डॉक्टरांकडे जा, त्यांना सायकलचं नि जेवणाचं दोन्ही सांगा आणि गोळीची मात्रा त्यांनाच ठरवू द्या. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. खिशात साखरेची पुडी ठेवा, पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन छोटे चमचे. लक्षणं दिसली की थांबून ती पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, आणि मग काहीतरी खा. नातवालाही हे समजावून ठेवा, तो मोठा असेल तर.

आकड्यांचं म्हणाल तर तुमचा नुसता पडून राहिल्याचा खर्चच १,४००च्या आसपास आहे, आणि दिवसाचा १,९००. डॉक्टर हो म्हणाले तर १,६०० वर या, त्याहून कमी करायची गरज नाही. अडुसष्टाव्या वर्षी घाईने उतरवलेल्या पाच किलोंत दोन किलो मांडीचे नि दंडाचे स्नायू जाऊ शकतात, आणि ते परत मिळवणं फार कठीण. रोज खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा, दोन खेपा. दोन्ही जेवणांत घट्ट वरण किंवा दही-पनीर असलंच पाहिजे. माझे वडील शेवटची चार वर्षं पलंगावरून आपले आपण उठू शकत नव्हते, त्यांचं वजन मात्र ‘अगदी आदर्श’ होतं.

प्रश्न : भंवरकुआँला खोली घेऊन परीक्षेची तयारी करतोय. वय २४, उंची १७२, वजन ८४. नेहरू स्टेडियमवर घाम काढायचं जाकीट घालून पाच किलोमीटर धावतो. धावल्यावर वजन एक किलो कमी भरतं. मग महिन्यात वजन का उतरत नाही?

उत्तर : कारण तो किलो पाण्याचा आहे, बाळा. खोलीवर येऊन पाणी प्यायलास की तो परत आला, आणि यायलाच हवा. धावण्याचा खर्च ढोबळ मानाने किलोमीटरमागे दर किलो वजनाला १ कॅलरी. तुझे पाच किलोमीटर म्हणजे सव्वाचारशेच्या आत. त्यात चरबी पन्नासेक ग्रॅम जळते. घामाचा आणि चरबीचा काही संबंध नाही.

तुझा दिवसाचा खर्च २,४७५ येतो, आठवड्यातले तीन-चार दिवस धावणं धरून. २,००० खा. टिफिनमधल्या रोट्यांना आधीच तूप लावलेलं असतं, मावशींना बिनतुपाच्या द्यायला सांग, आणि डाळ जास्त माग, भात कमी. खोलीवर भिजवलेले चणे आणि दही ठेव. रात्री अभ्यासाला बसताना सेव-परमलचा (सेव-चुरमुऱ्यांचा) मोठा पुडा शेजारी ठेवू नकोस, वाटीत काढून घे आणि पुडा खोलीमित्राच्या कपाटात.

जाकिटाबद्दल मात्र मी कळवळून सांगते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. घाम अंगावरून वाळला तरच शरीर थंड होतं, आणि ते जाकीट नेमकं तेच होऊ देत नाही. उष्माघाताने तरुण, धडधाकट मुलंही जातात. तुझी आई गावाकडे आहे, तिला हे माहीत नसणार. ते जाकीट कुणाला देऊ नकोस, कपाटातही ठेवू नकोस. आजच टाकून दे.